पुरणयंत्रातला बटाटा

बटाटा गुळगुळीत करायला काही खास साधन लागतं, हे येरमाळ्यात परवापरवापर्यंत कोणाच्या डोक्यात आलं नव्हतं. बटाटा उकडायचा, सोलताना बोटं भाजली की "अगं माय" म्हणायचं आणि स्टीलच्या वाटीच्या बुडानं दाबायचा. वाटी सापडत नसेल तर फुलपात्र. फुलपात्रातून कोणी पाणी पीत असेल तर सरळ मूठ. एवढ्या सामग्रीवर वडे झाले, पराठे झाले, एकादशीची भाजी झाली, लग्नाच्या पंगतीतला पातळ रस्सा ऐनवेळी दाट झाला. गुठळ्या राहिल्या तर राहिल्या. उलट वड्यात बटाट्याची फोड दाताखाली आली की खाणाऱ्याला धीर येतो. आत बटाटाच आहे, कालचा पाव भिजवून घातलेला नाही, याची ती पावती असते.

पण याच घरात पुरण शिजायला लागलं की कायदा बदलतो.

हरभऱ्याची डाळ शिजून, तिचं पाणी येळून बाजूला काढून, गूळ घालून आटून आली की आमच्या आत्या स्वयंपाकघराच्या उंबऱ्यात पाट टाकून बसतात. पळी पुरणात उभी राहते का, हे त्या लांबूनच बघतात. मग पुरण यंत्रातून निघालं की चिमूटभर घेऊन अंगठा आणि तर्जनीमध्ये चोळतात. डोळे मिटलेले. घरातल्या सुना श्वास धरून उभ्या. "कणी लागायलीय," एवढे दोन शब्द आले की पूर्ण घाणा परत यंत्रात. यावर अपील नाही. आत्यांच्या सासूनं त्यांना असंच परत फिरवलं होतं आणि त्या सासूला तिच्या सासूनं. घरात जमिनीची वाटणी झाली, म्हशींची झाली. कणी मात्र अजून एकत्र कुटुंबाची आहे.

आत्यांच्या बाजूनं एक सांगायला हवं. पुरणातली कणी ही नुसती चवीची बाब नाही. पातळ लाटलेल्या पोळीत अख्खी डाळ राहिली तर लाटण्याखाली ती कणीक फाडून वर येते, पुरण तव्यावर सांडतं, करपतं आणि पुढच्या प्रत्येक पोळीला काळे डाग पडतात. तेव्हा पुरणाचा मऊपणा हा कारागिरीचा हिशेब आहे. आणि येरमाळ्यात हा हिशेब चुकवून चालत नाही. चैत्र पौर्णिमेला येडेश्वरीची यात्रा भरते. दुसऱ्या दिवशी पालखी डोंगरावरून आमराईकडे निघते आणि लाखो माणसं काळ्या रानातून चुनखडीचे पांढरे खडे वेचून वाहतात. त्या दिवसांत घरोघरी पाहुण्यांची रांग असते. पुण्याहून आलेले, बार्शीहून आलेले, कोणाचे कोण हे जेवण झाल्यावर विचारायचं असलेले. दिवसभर रानात खडे वेचून आलेल्या माणसाला पोळीतही खडा सापडला, तर तो पुढच्या यात्रेपर्यंत तेच सांगत फिरणार.

थोडक्यात, मऊपणाचं सगळं शास्त्र, सगळी अवजारं आणि सगळी भांडणं आमच्याकडे पुरणानं आपल्या नावावर करून घेतली. बटाट्याच्या वाट्याला वाटीचं बूड आलं.

अशा गावात मॅश्ड पोटॅटो आला तो मोबाईलमधून. दादांची सून सुट्टीला पुण्याहून आली होती. तिनं कोणा गोऱ्या खानसाम्याचा व्हिडिओ आत्यांना दाखवला. पडद्यावर पांढराशुभ्र, लोण्यानं चकाकणारा, चमच्यावरून ओघळणारा बटाटा. आत्यांनी चष्मा लावून तो पुन्हा बघितला.

"ह्याला काय काय घालायचं, बाई?"

"बटाटे, लोणी, दूध, मीठ. बास."

"फोडणी?"

"नाही, आत्याआजी."

"हिरवी मिरची?"

"नाही."

"आलं-लसूण न्हाईच, पर कोथमीर तरी?"

"वरून मिरपूड घालतात. थोडीशी."

आत्या जरा वेळ गप्प राहिल्या. मग आवाज खाली करून म्हणाल्या, "घरात आजारी कोण हाय?"

आजारी कोणी नव्हतं. पण आप्पांचे दात नव्हते आणि कवळी त्यांनी कपाटात बक्षिसाच्या ढालीशेजारी ठेवली आहे. भाकरी दुधात कुस्करून खाण्याचा त्यांना कंटाळा आला होता. "करा की," ते म्हणाले, "चावायची भानगड नसंल तर करा." घरातल्या ज्येष्ठ पुरुषाची मंजुरी मिळाली म्हटल्यावर प्रकल्प सुरू झाला.

पहिली अडचण बटाट्याचीच. जगातल्या बटाट्यांत ढोबळमानानं दोन वळणं. एक पिठूळ : उकडला की फुटतो, भुगभुगीत होतो, दूध-लोणी पटकन पितो. दुसरा चिकट : उकडूनही फोडी सरळ उभ्या राहतात. रस्सा भाजीला हा उत्तम, मऊ लगद्याला कुचकामी. आपल्याकडे पिकणाऱ्या बऱ्याच जातींच्या नावापुढे 'कुफरी' असतं, कारण त्या सिमल्याजवळच्या कुफरीच्या नावानं निघाल्या. केंद्रीय बटाटा संशोधन संस्था 1949 साली पाटण्यात सुरू झाली, 1956 मध्ये सिमल्याला गेली आणि कुफरी ज्योती, कुफरी चंद्रमुखी, कुफरी पुखराज, चिप्सवाल्यांसाठी कुफरी चिप्सोना अशी एकाहून एक सिनेमात शोभतील अशी नावं तिनं बाजारात आणली. चिप्सोनात पाणी कमी आणि पीठ जास्त. पुखराज त्या मानानं पाणीदार. हे सगळं वाचून सूनबाई आठवडी बाजारात गेली आणि भाजीवालीला विचारलं, "मावशी, हा ज्योती का पुखराज?" मावशींनी बटाट्याकडे बघितलं, सूनबाईकडे बघितलं आणि सांगितलं, "त्यो तीस रुपय आणि ह्यो पंचवीस."

जात ओळखण्याचा एक घरगुती उपाय आहे आणि तो खरा आहे. 11 वाट्या पाण्यात 1 वाटी मीठ विरघळवायचं आणि बटाटे सोडायचे. पिठूळ बटाटा जड, तो बुडतो. चिकट तरंगतो. अंगणातल्या बादलीत हा प्रयोग चालू असताना आप्पा काठी टेकत आले.

"ह्यातला चांगला कुठला?"

"बुडालेला, आप्पा."

"बुडालेल्याला चांगला म्हणणारी बँक कुठं हाय, तेवढं सांग," आप्पा म्हणाले आणि परत बाजेवर जाऊन पडले.

बटाट्याची आणखी एक खोड म्हणजे त्याला थंडी सोसत नाही. शीतगृहात फार गार ठेवला की आतलं पीठ हळूहळू साखरेत उतरतं, आणि तो बटाटा भाजीत उगाच गोड लागतो. फ्रिजमध्ये ठेवलेल्याचीही तीच गत. येरमाळ्यात तो कॉटखाली, कांद्याशेजारी पसरलेला असतो. म्हणजे अंधार आणि हवा बरोबर, शेजार तेवढा चुकीचा.

मग उकडणं. इथे घर सरळ दोन पक्षांत फुटलं. ग्रंथांत लिहिलेली रीत अशी : बटाटे सालासकट, सारख्या आकाराचे, गार पाण्यात मीठ टाकून चढवायचे, मंद आचेवर शिजू द्यायचे. उकळत्या पाण्यात टाकले तर बाहेरचा थर विरघळतो आणि गाभा दगड राहतो. सुरी विनातक्रार आरपार गेली की पाणी ओतून द्यायचं आणि त्याच गरम पातेल्यात मिनिटभर हलवून अंगची ओल उडवायची. बटाट्यात पाणी राहिलं तर लोण्याला जागा उरत नाही.

"मंद आचेवर?" वहिनी म्हणाल्या. "सिलिंडर कोण आणतंय कळंबहून?"

वहिनींचा पक्ष कुकरचा. या पक्षातही गट आहेत : तीन शिट्ट्यावाले, चार शिट्ट्यावाले आणि "वरण होतंय तोवर होतोय की" म्हणणारे अपक्ष. कुकरच्या आत उष्णता 120 अंशांच्या आसपास जाते. तिथे बटाट्याला वरणाबरोबर ठेवलं की तो साल फाडून, पाणी पिऊन, तट्ट फुगून बाहेर येतो. शिवाय आमचा कुकर जुना आहे. त्याची शिट्टी अडकते, मग सुटते, आणि सुटते तेव्हा पलीकडच्या आळीत लोक म्हणतात की तेरखेड्याहून फटाक्यांचा टेम्पो आला. शेवटी तह झाला. कुकरच, पण बटाटे पाण्यात न बुडवता जाळीवर, वाफेवर. दोन शिट्ट्या. मोजायला आप्पा.

सूनबाईनं दरम्यान आणखी एक विद्या आणली होती. हेस्टन ब्लूमेंथाल नावाचा एक इंग्रज खानसामा बटाट्याचे काप आधी 72 अंशांच्या पाण्यात अर्धा तास ठेवतो, मग पूर्ण गार करतो आणि मग नेहमीसारखे उकडतो. यात थोतांड काही नाही. त्या उष्णतेला पेशींच्या भिंती जरा टणक होतात, आतलं पीठ फुगून पुन्हा घट्ट बसतं, आणि पुढे कुस्करताना ते बाहेर सांडत नाही. बटाट्याचा कोरडा चुरा बनवणारे कारखानेही ह्याच युक्तीवर चालतात. प्रश्न एवढाच होता की 72 अंश मोजायचे कशानं. घरात थर्मामीटर होता. तो काखेतला. त्याची अक्कल 42 अंशांना संपते. "त्याच्यावर माणूसच ऱ्हात न्हाई, तर बटाटा कशाला ऱ्हाईल," आत्यांनी निकाल दिला आणि इंग्रज खानसामा बाद झाला.

आता बटाटे शिजून परातीत आले, वाफा निघत होत्या, आणि आमच्या घरातली यंत्रसामग्री एकेक करून पुढे येऊ लागली.

सर्वात आधी दादा. घरात कुठलंही काम अवघड वाटलं की दादा एकच वाक्य बोलतात : "मिक्सरला लाव की." चटणी, घोळलेला हिशोब, पोराचं करिअर, सगळ्याला तेच. बटाटे मिक्सरच्या भांड्यात गेले. पातं फिरलं. आधी घरघर, मग गुरगुर, मग आवाजच बंद. झाकण काढलं तर आत करड्या रंगाचा एक गोळा, चमच्यानं उचलला तर भांड्यासकट वर येणारा.

असं का होतं, हे समजून घेण्यासारखं आहे, कारण सगळी गोष्ट इथेच अडकलेली आहे. बटाटा म्हणजे असंख्य सूक्ष्म पिशव्या आणि प्रत्येक पिशवीत पिठाचे कण. साधारण 60 अंशांपुढे हे कण पाणी पिऊन फुगतात. शिजताना पिशव्यांना एकमेकींशी जोडणारा डिंक सैल होतो. आता तुम्ही नुसतं हलकं दाबलंत तर पिशव्या सुट्या होतात, फुटत नाहीत, आणि लगदा मऊ, रवाळ, हलका होतो. पण मिनिटाला हजारो फेरे घेणारं पातं पिशव्या कापत सुटतं. आतलं फुगलेलं पीठ मोकळं होतं आणि ते मोकळं पीठ म्हणजेच खळ, निवडणुकीत भिंतीवर उमेदवार चिकटवतात ती. तेव्हा नियम एका ओळीत मावतो : दाबा, घुसळू नका.

दादांनी गोळ्याकडे बघून विचारलं, "आता दूध घातलं तर?" घालू दिलं नाही, हे घराचं नशीब. आत्यांनी भांडं उचललं, बोटाला चिकटणारा लगदा बघितला आणि त्यांचा चेहरा उजळला. वाळवणांचे दिवस, डोक्यावर चैत्राचं ऊन, गच्चीवर आधीच साबुदाण्याच्या चिकवड्या पसरलेल्या. त्यात मीठ, जिरं, तिखट गेलं, तेलाच्या हातानं गोळ्या झाल्या, प्लास्टिकच्या दोन कागदांमध्ये ताटलीखाली दाबल्या आणि तासाभरात गच्चीवर उपवासाच्या पापड्यांची नवी ओळ लागली. जो चिकटपणा पॅरिसमध्ये गुन्हा आहे तो आमच्या गच्चीवर गुण आहे, कारण त्याच्याशिवाय पापडी वाळताना तडकते. दादा तेव्हापासून सांगतात की त्यांचा विचार मुळात पापड्यांचाच होता.

पुढचा उमेदवार पावभाजीचा मॅशर. भोकं पाडलेली चपटी पट्टी आणि वर दांडा. हे अवजार दिसतं शूर, पण त्याची अर्धी ताकद आवाजात असते. स्टँडजवळचा पावभाजीवाला तव्यावर ते आपटतो त्यातलं निम्मं आपटणं भाजीसाठी आणि निम्मं एसटीतून उतरणाऱ्यांसाठी. भाजीत टोमॅटो, वाटाणा, फ्लॉवर, लाल रंग आणि लोणी असं सगळं एकदम असल्यावर गुठळी कोण शोधायला जातंय? नुसत्या पांढऱ्या बटाट्यात मात्र मॅशरनं सुटलेली प्रत्येक गुठळी उघडी पडते. तरी तो गुन्हेगार नाही. तो दाबतो, कापत नाही. घरात दुसरं काही नसेल तर मॅशर, आणि गरम बटाटा, आणि सबुरी, एवढ्यावर पंच्याहत्तर टक्के काम होतं. उरलेल्या पंचवीस टक्क्यांसाठीच माणसं भांडतात.

वहिनींनी रवी आणली. वरण घोटायची, लाकडी, आईच्या हातची. रवी दोन तळव्यांत फिरली की वरणाचं सोनं होतं, पण बटाट्याच्या बाबतीत ती मिक्सरची गरीब बहीण : फिरवते, घुसळते, खळ करते. सूनबाईनं नियम सांगितला, वहिनींनी रवी परत खुंटीला लावली आणि त्या दिवशी पुढे काही सुचवलं नाही. हा एक वेगळा तोटा झाला, पण त्याची भरपाई बटाट्यातून होणारी नव्हती.

सोऱ्याची कल्पना कोणाची, यावर अजून वाद आहे. परदेशात बटाट्यासाठी एक खास चिमटा मिळतो. त्याच्या डब्यात उकडलेला बटाटा घालून दांडा दाबला की भोकांतून तांदळाएवढे बारीक शेवळे खाली पडतात. हजारो रुपयांना विकतात. तो चिमटा म्हणजे शुद्ध सोऱ्या, फक्त त्याला चकली येत नाही. पितळी सोऱ्यात बारीक शेवेची ताटली बसवली, गरम बटाटा भरला, दट्ट्या फिरवला आणि परातीत पांढरी, मोकळी, हलकी शेव पडायला लागली. खरोखर सुंदर दृश्य. घुसळणं नाही, कापणं नाही, नुसता दाब, आणि तोही एकदाच. एकच खोट : सोऱ्यात मावतो दीड बटाटा, खाणारी माणसं चौदा, आणि दट्ट्या फिरवणाऱ्या दादांचा दंड पाचव्या फेरीला बोलायला लागला. तोवर पहिल्या फेरीचा बटाटा गार झाला होता, आणि गार बटाटा म्हणजे पुन्हा घट्ट झालेलं पीठ. त्यात लोणी मुरत नाही. वड्यासाठी गार बटाटा हवा, कारण तिथे सारण सुटं राहायला पाहिजे. मऊ लगद्याला मात्र चटके बसत असतानाच हात घालायचा असतो.

"ऱ्हाऊ द्या ते," उंबऱ्यातून आवाज आला. आत्या माळ्याखाली उभ्या होत्या. "माजं यंत्र काढा."

शांतता पसरली. आत्यांचं पुरणयंत्र जुन्या नऊवारीत गुंडाळून माळ्यावर असतं. पितळी, कल्हई केलेलं, तीन जाळ्यांचं. ते नैवेद्याचं. त्याला कांदा-लसणाचा वारा लागलेला नाही. एकदा एका पाहुणीनं त्यात टोमॅटो घालायचा विचार बोलून दाखवला होता, तिचं पुढचं येणं-जाणं कमी झालं. सूनबाईनं हळूच विचारलं, "चालेल, आत्याआजी?" आत्यांनी क्षणभर विचार केला. "उपासाला चालतो त्यो माज्या यंत्राला चालतो. तुज्या त्या व्हिडिओत लसूण दिसला तर मातुर यंत्र परत माळ्यावर." बटाट्यानं इतकी वर्षं एकादशा राखल्या, त्याचं फळ त्याला असं मिळालं.

आता इथे जरा फ्रान्सला जाऊन यायला हवं. झां मान्तले नावाच्या माणसानं 1932 साली भाज्यांचं एक हातयंत्र बाजारात आणलं. गोल भांडं, तळाला जाळी, वर फिरतं तिरकं पातं आणि मूठ. असं सांगतात की बायकोनं वाढलेल्या बटाट्यात गुठळ्या लागल्या आणि त्यातून त्याला हे सुचलं. (आमच्याकडे अशा प्रसंगी पुरुष ताट सरकवतो. तिकडे कारखाना काढतो.) किंमत उतरवल्यावर यंत्र तडाखेबंद खपलं, धंदा वाढला, आणि 1957 पासून त्याच कंपनीचं नाव मूलिनेक्स झालं. त्या यंत्राचं चित्र आणि आत्यांचं पुरणयंत्र शेजारी ठेवलं तर जुळी भावंडं वाटावीत. तिरकं पातं पदार्थाला जाळीवर दाबत नेतं, भोकातून खाली ढकलतं, आणि जे जात नाही ते वर राहतं. कापणं जवळजवळ नाहीच. बायकोच्या गुठळीवर फ्रेंच माणसानं जे उत्तर काढलं, तेच आमच्याकडे माळ्यावर नऊवारीत पडलं होतं आणि आम्ही बटाटा वाटीनं दाबत होतो.

पॅरिसच्याच जोएल रोब्युशॉनचं नाव या प्रकरणात घ्यावं लागतं. 1981 मध्ये त्यानं 'जामँ' नावाचं हॉटेल सुरू केलं, तीन वर्षांत मिशलँचे तीन तारे मिळवले, आणि एवढं सगळं करून लोकांना लक्षात राहिला तो त्याचा बटाट्याचा लगदा. 2018 मध्ये तो गेला तेव्हाही बातम्यांत बटाटा होताच. त्याची कृती गुप्त नव्हती. 'रात' जातीचे छोटे बटाटे सालासकट उकडायचे, गरमच सोलायचे, हातयंत्रातून काढायचे, मंद आचेवर लाकडी उलथन्यानं हलवून ओल घालवायची. मग गार लोण्याचे तुकडे थोडे थोडे घालत जोरात घोटायचं, त्यानंतर कढत दूध. शेवटी हे सगळं ढोलकीच्या कड्यासारख्या बारीक चाळणीतून दाबून काढायचं. लोणी आधी आणि दूध नंतर, हा क्रम महत्त्वाचा : लोण्याचा स्निग्धपणा पिठावर चढून बसला की मग दुधानं खळ धरत नाही.

बारीक चाळणी आमच्याकडे होती. सपीट चाळायची, दिवाळीत करंज्यांच्या वेळी खाली येणारी. यंत्राच्या मधल्या जाळीतून पहिला हात, बारीक जाळीतून दुसरा, आणि मग सपिटाची चाळण परातीवर उपडी धरून तिच्यातून तिसरा. दाबायला काय वापरलं? स्टीलच्या वाटीचं बूड. ते शेवटी कामाला आलंच.

लोण्यावर मात्र घर पुन्हा थांबलं. रोब्युशॉनच्या छापील कृतीत 1 किलो बटाट्याला पाव किलो लोणी आहे, आणि प्रत्यक्षात त्याहून जास्त पडत असावं अशी जगभर कुजबुज आहे. वहिनींनी फ्रिजमधलं लोण्याचं भांडं दोन्ही हातांनी धरलं. आठवडाभर साय साठवून, विरजून, घुसळून काढलेलं म्हशीचं लोणी, ज्याचं तूप होऊन ते यात्रेच्या पोळ्यांवर पडायचं होतं.

"पाव किलो?" आत्या म्हणाल्या. "इतक्या लोण्यात वरवंटा घोटला तरी मऊ लागंल."

रोब्युशॉनवर मी वाचलेल्या सगळ्या समीक्षेत इतकं नेमकं वाक्य मला कुठे सापडलेलं नाही. अखेर निम्म्यावर सौदा तुटला. लोणी गेलं, कढत दूध धारेनं गेलं, मीठ गेलं, आणि परातीत खरोखरच ते व्हिडिओतलं काहीतरी तयार झालं. पांढरं, नितळ, चमच्यावरून सावकाश घसरणारं. आत्यांनी पाट ओढला, चिमूटभर घेतलं, डोळे मिटले, अंगठा आणि तर्जनीमध्ये चोळलं. सूनबाईचा श्वास अडकलेला मला दिसत होता.

"कणी न्हाई," आत्या म्हणाल्या.

पुण्यात तिला मागच्या वर्षी पगारवाढ मिळाली तेव्हाही ती एवढी लाल झाली नव्हती.

पंगत बसली. आप्पांनी वाटीभर खाल्लं आणि बोटानं वाटी पुसली. मुलांनी त्याचा डोंगर करून वर मिरपुडीचं देऊळ बांधलं. दादांनी दोन घास खाऊन इकडेतिकडे बघितलं आणि शेंगदाण्याची चटणी मागितली. मग कांदा. मग भाकरी. आत्या उठल्या, चुलीवर कढल्यात तेल तापवलं, मोहरी, जिरं, कढीपत्ता, दोन हिरव्या मिरच्या टाकल्या आणि उरलेल्या परातीवर ती चर्रकन् ओतली. सूनबाईनं डोळे मिटून घेतले. फोडणी पडल्यावर परात पाच मिनिटांत संपली, आणि दादांनी विचारलं की हे आधीच का नाही केलं.

जेवणं झाल्यावर मोरीत भांडी पडली : पुरणयंत्र, त्याच्या तीन जाळ्या, पातं, मूठ, सपिटाची चाळण, सोऱ्या, त्याची ताटली, मिक्सरचं भांडं, मॅशर, परात. वाळलेला बटाटा जाळीच्या भोकात बसला की सिमेंट होतो. घासणीनं निघत नाही, एकेका भोकातून दाभणानं काढावा लागतो, आणि बारीक जाळीला भोकं किती असतात ते कोणी मोजलेलं नाही. रोब्युशॉनकडे हे करायला वेगळी माणसं होती. दादांना त्याच वेळी शेतात मोटार बंद करायची आठवण झाली. आप्पांना झोप आली. मुलं गच्चीवर पापड्या उलटवायला पळाली. मी महामार्गाकडे जाऊन पेपर आला का बघावं म्हणून चपला घातल्या, तर आत्यांनी दाभण माझ्यापुढे धरलं.

"पेपर सकाळी येतो," त्या म्हणाल्या. "बारकी जाळी आधी घे."